परिपूर्णतेचे पाचारण



नार्नूरच्या परिसरात पौष पौर्णिमा आली की खामदेवाची जत्रा भरते. गोंड समाजातील थोडासम कुळाचे हे दैवत. या जत्रेत कुळातील एक आत्या, म्हणजे कुळाची माहेरवाशीण, देवापुढे सुमारे दोन किलो तिळाचे तेल प्राशन करते. हे व्रत तीन वर्षे चालवावयाचे असते. कुळाला सुख लाभावे, शेत पिकावे, गावात शांतता नांदावी, हा त्यामागील संकल्प. गोंडी, मराठी, लंबाडी आणि तेलुगू बोलणारी माणसे तो सोहळा पाहावयास जमतात, आणि एका स्त्रीने सर्वांसाठी उचललेल्या त्या कठोर व्रतापुढे मस्तक नमवून परत जातात.

या दृश्यात मानवी धर्मजीवनातील एक फार जुना आणि फार आदरणीय विचार साकार झालेला आहे. एकाने व्रत करावे आणि त्याचे पुण्य सर्वांना लाभावे, हा तो विचार. प्राचीन यहुदी लोकांतही वर्षातून एका ठराविक दिवशी महायाजक एकटाच मंदिराच्या परमपवित्र स्थानात प्रवेश करी आणि समस्त प्रजेच्या पापांसाठी प्रायश्चित्त करी. बाकीचे लोक बाहेर वाट पाहत उभे असत. परंतु याच यहुदी परंपरेत दुसरा एक स्वर तितकाच प्राचीन आहे, आणि त्या स्वराने प्रत्येक माणसापुढे एक अवघड प्रश्न उभा केला आहे. दुसऱ्याच्या व्रताने माणसाचे शेत पिकेल. पण दुसऱ्याच्या व्रताने त्याचे मन निर्मळ होईल काय?

जुन्या करारातील लेवीय नावाच्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायाचा आरंभ या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे देव मोशेला आज्ञा करतो ती याजकांपुरती नसून इस्राएलाच्या सगळ्या मंडळीसाठी आहे. देव पवित्र आहे, म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र असावे, अशी ती आज्ञा. पावित्र्यासाठी मूळ इब्री भाषेत जो शब्द येतो, त्यात देवासाठी वेगळे काढून ठेवलेले, असा अर्थ अभिप्रेत आहे. हा अर्थ ऐकताच सामान्य माणसाला वाटते की आता पुढे स्नानाचे, सोवळ्याचे, स्पर्शास्पर्शाचे नियम येणार. तसे नियम त्या ग्रंथात अन्यत्र पुष्कळ आहेत. परंतु या अध्यायात प्रथम मातापित्यांचा आदर आणि विसाव्याचा दिवस यांचा उल्लेख होतो, आणि थोड्याच अंतरावर गोष्ट थेट शेताच्या बांधावर येऊन ठेपते. कापणी करताना शेताचे कानेकोपरे खरडून काढू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नये. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. मनात भावाविषयी द्वेष बाळगू नये, शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करावी. ज्वारीच्या आणि कापसाच्या शिवारात राबणाऱ्या माणसाला हे पावित्र्य समजावून सांगण्यासाठी कोणा भाष्यकाराची आवश्यकता नाही.

येशू ख्रिस्ताने हाच धागा पुढे नेला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचवा, सहावा आणि सातवा हे तीन अध्याय, एकूण एकशे अकरा वचने, 'डोंगरावरील प्रवचन' या नावाने प्रसिद्ध आहेत. त्या प्रवचनात ख्रिस्त बाह्य कृतीच्या मागे असलेल्या वृत्तीला हात घालतो. खून न करणाऱ्याने स्वतःला निर्दोष मानू नये. त्याच्या अंतरात साठलेला क्रोधही न्यायासनासमोर उभा राहणार आहे. व्यभिचार न करणाऱ्याने आपल्या दृष्टीचाही शोध घ्यावा. दान करावे, पण ते डाव्या हाताला उजव्याची वार्ता न लागेल इतक्या गुप्तपणे. आणि मग तो शिखरावरची गोष्ट सांगतो. मित्रावर प्रीती करणे यात विशेष असे काही नाही; शत्रूवर प्रीती करावी, छळणाऱ्यासाठी प्रार्थना करावी. कारण स्वर्गीय पिता आपला सूर्य सज्जनावर आणि दुर्जनावर सारखाच उगववितो, आपला पाऊस दोघांच्याही शेतावर पाडतो. या दृष्टान्ताच्या शेवटी, पाचव्या अध्यायाच्या अठ्ठेचाळिसाव्या वचनात, ते प्रसिद्ध पाचारण येते: स्वर्गीय पिता जसा परिपूर्ण आहे, तसे त्याच्या लेकरांनीही परिपूर्ण व्हावे.

हे ऐकून कोणाचेही मन खचेल. देवासारखे परिपूर्ण होणे मर्त्य माणसाला कसे साधावे? येथे मूळ ग्रीक शब्दाकडे पाहणे उपयोगी ठरते. तो शब्द ज्या धातूशी संबद्ध आहे, त्याचा अर्थ शेवट, हेतू, उद्दिष्ट असा आहे. ज्या हेतूसाठी वस्तू निर्माण झाली, तो हेतू तिच्यात पूर्ण झाला म्हणजे ती परिपूर्ण. जो अंकुर भरलेल्या कणसापर्यंत पोहोचला तो परिपूर्ण. त्याच्या पानावर कोठे डाग असेलही. शिवाय हे वचन शत्रुप्रेमाच्या उपदेशाचा समारोप म्हणून आलेले आहे, हे विसरता कामा नये. येथील परिपूर्णता म्हणजे प्रीतीची परिपूर्णता. ज्या प्रीतीला कुंपण नाही, जी अर्ध्या गावावर बरसून उरलेल्या गावाला कोरडे ठेवीत नाही, ती पूर्ण. लूकाच्या शुभवर्तमानात याच स्थळी परिपूर्णतेऐवजी दयाळूपणाचा शब्द आलेला आहे. दोन्ही शब्द परस्परांवर प्रकाश टाकतात.

या पाचारणापासून दूर राहण्याचे मार्ग माणसाने फार चातुर्याने शोधून काढले आहेत. पहिला मार्ग असा की, हे काही थोड्या विरक्तांचे काम आहे, संसारी माणसाचे नव्हे, असे म्हणून मोकळे व्हावे. ख्रिस्ती जगातही हे घडले. तिसऱ्या शतकात मिसर देशातील अँथनी नामक तरुणाने, परिपूर्ण व्हावयाचे असेल तर सर्वस्व विकून गरिबांना द्यावे, हा ख्रिस्ताचा उपदेश प्रार्थनामंदिरात ऐकला. त्याने आपली जमीन देऊन टाकली आणि पुढे वाळवंटाचा आश्रय घेतला. त्याच्या मागोमाग शेकडो साधक गेले. त्यांचे तप थोर होते, यात संशय नाही. परंतु कालांतराने पावित्र्य मठात आणि संसार गावात, अशी वाटणीच होऊन बसली. ही वाटणी मोडण्यासाठी पुढे अनेकांना झटावे लागले. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने खाणकामगार आणि कारागीर यांनाही प्रीतीची परिपूर्णता शोधण्यास सांगितले. आणि 1964 साली रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्या एका प्रमुख दस्तऐवजातील संपूर्ण प्रकरण पावित्र्याच्या सार्वत्रिक पाचारणाला वाहिले. लग्न केलेला आणि न केलेला, धर्मगुरू आणि शेतमजूर, सर्वांना एकच हाक आहे, असा त्याचा आशय.

दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. पावित्र्याला नियमांच्या पेटीत बंद करावे, म्हणजे ते पाळताही येते आणि मिरविताही येते. तिसरा मार्ग सर्वांत घातक. आदर्शावर मन इतके जडवावे की शेजारचा माणूसच दिसेनासा व्हावा. या दोन्ही धोक्यांचा, आणि त्यांतून वाट काढणाऱ्या साधनेचा, मराठी भाषेतील सर्वांत प्रामाणिक वृत्तान्त एका दांपत्याच्या जीवनात सापडतो. ते दांपत्य म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. 1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. पुस्तक वाचीत ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथे त्यांचे मन जडले. त्यांना जिंकले ते सिद्धान्तांच्या वादाने नव्हे. क्रोध, वैर आणि ढोंग यांचा मुळापासून उच्छेद करू पाहणाऱ्या त्या नीतीने. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

शत्रूवरही प्रीती करण्याचा उपदेश ज्याने शिरोधार्य मानला, त्याच्या त्या एका कृतीने त्याच्या घरी मात्र आकांत झाला. पत्नी लक्ष्मीबाई पुत्र दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने पंढरपुरात राहिल्या. पती जिवंत असून नसल्यासारखा, समाजाच्या दृष्टीने भ्रष्ट, आणि आपण ना सधवा ना विधवा, अशा स्थितीत त्यांची चार-पाच वर्षे गेली. या दुःखाला काही उत्तर आहे काय? ज्या प्रीतीला कुंपण नाही तिने स्वतःच्या घराचीच भिंत का पाडावी, असे त्या काळी कोणी विचारले असते तर ते अनाठायी ठरले नसते. या प्रश्नाला घाईने उत्तर देणे म्हणजे त्या माउलीच्या अश्रूंचा अवमान करणे होय. एवढे मात्र खरे की, टिळकांच्या साधनेची खरी परीक्षा बाप्तिस्म्याच्या दिवशी झाली नाही. ती पुढील चोवीस वर्षे घरात होत राहिली, आणि त्या परीक्षेची नोंद लक्ष्मीबाईंनी आपल्या हाताने करून ठेवली.

ती नोंद म्हणजे 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ. 1934 सालापासून तो भागाभागाने प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. अक्षरओळख त्यांना पतीनेच करून दिली. परंतु त्यांनी पतीचे जे चित्र रेखाटले ते स्तोत्र नव्हे. त्यांतील टिळक क्षणात भडकतात, घरात काय आहे नाही याचा विचार न करता हातचे देऊन टाकतात, न सांगता निघून जातात. तेच टिळक पुन्हा लेकरासारखे निर्मळ होतात, पश्चात्ताप पावतात, परक्याच्या दुःखाने व्याकुळ होतात. लेखिका हसत हसत त्यांचे दोष सांगते, आणि दोष सांगताना तिची भक्ती उणावत नाही. संतपुरुषाच्या चरित्रातून त्याचे दोष पुसून टाकण्याची प्रथा सर्व धर्मांत आहे. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला समजते की, दोष पुसल्याने साधना लहान होते. ज्याच्यात क्रोधच नव्हता त्याने क्रोध जिंकला, यात नवल ते काय?

लक्ष्मीबाईंची स्वतःची वाटचाल तर याहूनही बोधप्रद आहे. त्यांचे वडील नाना गोखले सोवळ्याच्या बाबतीत इतके कडक होते की, बाजारातून आलेले मीठसुद्धा घरात धुऊन घेतले जाई. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या रक्तातच सोवळे भिनलेले असावे, हे स्वाभाविक होय. पंढरपूरचा काळ संपवून त्या पतीजवळ नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहावयास आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर होते. त्यांचे मन बदलले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. माणसामाणसांतील हा भेद देवाने केला की माणसाने, असा विचार त्यांनी आपल्याशीच केला. तो देवाचा नव्हे, असे त्यांच्या बुद्धीने ठरविले, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. 1900 साली राहुरीला त्यांचाही बाप्तिस्मा झाला. पुढे पोरक्या मुलांना त्यांनी आपल्या घरात वाढविले, प्लेगच्या दिवसांत रुग्णांची शुश्रूषा केली.

मीठ धुणाऱ्या घरातील कन्या प्लेगच्या रुग्णाचे अंग पुसते. या दोन टोकांमधील अंतर म्हणजेच पावित्र्याच्या दोन कल्पनांमधील अंतर. एक पावित्र्य स्पर्शाला भिते. बाहेरचे काही लागले तर आपण मलिन होऊ, ही त्याला सतत चिंता. दुसरे पावित्र्य स्वतः पुढे होऊन मलिनाला स्पर्श करते. मत्तयाच्या ग्रंथात डोंगरावरील प्रवचन संपताच, आठव्या अध्यायाच्या प्रारंभी, ख्रिस्त डोंगरावरून उतरतो आणि त्याच्यासमोर पहिला मनुष्य येतो तो कुष्ठरोगी. शास्त्राप्रमाणे त्याला कोणी शिवावयाचे नाही. ख्रिस्त हात पुढे करून त्याला शिवतो आणि तो शुद्ध होतो. तीन अध्यायांच्या उपदेशावरील हे भाष्य एका ओळीचे आहे, आणि ते हाताने केलेले आहे.

मठात येणाऱ्या भक्ताला हे परके वाटण्याचे कारण नाही. पैठणच्या नाथांची कथा घरोघरी सांगितली जाते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर त्यांनी कडेवर घेतले, तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला रामेश्वरासाठी आणलेली कावड पाजली, आणि अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्यावर न रागावता पुनःपुन्हा स्नान केले, उलट इतक्या वेळा गंगास्नान घडविल्याबद्दल त्याचेच आभार मानले. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताची लक्षणे सांगताना आरंभ होतो तोच कोणाही भूताचा द्वेष न करण्यापासून. टिळकांनाही ही आपली मुळे कधी तोडावीशी वाटली नाहीत. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून गायिली. त्यांच्याही तीन शतके आधी, 1616 साली, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले होते. मराठीच्या अंगणात हा विचार फार दिवसांचा पाहुणा आहे.

तथापि साम्य पाहताना भेद झाकणे योग्य नव्हे. ख्रिस्ती विचारात परिपूर्णता ही साधकाने तपोबलाने मिळवावयाची सिद्धी नाही. माणूस स्वतःच्या बळाने तेथे पोहोचू शकत नाही, हे आधी मान्य करावे लागते. म्हणूनच डोंगरावरील प्रवचनाचा प्रारंभ जे आत्म्याने दीन आहेत त्यांना धन्य म्हणण्याने होतो; शिखराची वाट रिकाम्या झोळीपासून सुरू होते. ख्रिस्ताचा पट्टशिष्य पेत्र संकटाच्या रात्री आपल्या गुरूला तीनदा नाकारतो, नंतर बाहेर जाऊन रडतो, आणि पुढे त्याच पेत्रावर गुरू आपल्या मेंढरांचा भार सोपवितो. पडलेल्याला उठविणारी ही जी देवाची कृपा, तिला ख्रिस्ती लोक अनुग्रह म्हणतात. हा शब्द मठाच्या उंबरठ्यावर अनोळखी नाही. अनुग्रहाने साधनेला सुट्टी मिळत नाही, उलट तिला धीर येतो. आज क्रोध अनावर झाला म्हणून उद्याचा प्रयत्न व्यर्थ ठरत नाही.

टिळकांच्या अखेरच्या वर्षांत हा धीर दिसून येतो. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले व संन्यास घेतला. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही स्थान होते. ज्या समाजातून ते बाहेर पडले आणि ज्या समाजात ते आले, त्या दोहोंच्या मधील कुंपण त्यांना डाचत होते. पावसाचा दृष्टान्त त्यांना अखेरीस अशा रीतीने उमगला, असे म्हणावयास हरकत नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ख्रिस्ताच्या जीवनावरील त्यांचे महाकाव्य 'ख्रिस्तायन' अपुरेच राहिले होते. परिपूर्णतेच्या मागे धावलेल्या कवीचे मुख्य काव्यच अपूर्ण राहिले. आणि ज्या पत्नीला त्यांनी एकदा दुःखात लोटले होते, तिनेच पुढील अध्याय रचून ते पूर्ण केले. 1936 साली लक्ष्मीबाई निवर्तल्या.

या चरित्रातून गृहस्थाने काय घ्यावे? सर्वांनी टिळकांप्रमाणे धर्मांतर करावे किंवा संन्यास घ्यावा, असा त्याचा अर्थ नव्हे. परिपूर्णतेच्या पाचारणाला ज्याने त्याने आपल्या ठिकाणी उभे राहून उत्तर द्यावयाचे असते, आणि त्या उत्तराचा पहिला साक्षीदार घरातील मनुष्य असतो, हे घेण्यासारखे आहे. देवळात शांत असणारा मनुष्य घरी सुनेशी कसा बोलतो, हे सुनेला ठाऊक असते. दानशूर म्हणून ज्याचा लौकिक, त्याने कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी त्याच संध्याकाळी दिली की विक्री होईपर्यंत लांबविली, हे त्या बायांना ठाऊक असते. बांधावरून ज्याच्याशी दहा वर्षे बोलणे नाही त्याचे नाव प्रार्थनेत कधी आले काय, हे एका देवालाच ठाऊक असते.

नार्नूरच्या परिसरात चार भाषा आणि अनेक कुळे एकाच बाजारात, एकाच आभाळाखाली नांदतात. मृगाचा पाऊस आला की तो गोंडाच्या शेतावर पडतो, अंधाच्या शेतावर पडतो, बंजाऱ्याच्या तांड्यावर पडतो, मराठ्याच्या आणि तेलुगू शेतकऱ्याच्या वावरावरही पडतो. ख्रिस्ताने परिपूर्णतेचा जो दृष्टान्त दिला तो या मुलखात दर वर्षी आभाळातून उतरत असतो. कुळासाठी व्रत घेणाऱ्या त्या आत्येला जे वंदन करतात, त्यांनी घरी परतल्यावर स्वतःसाठीही एक लहानसे व्रत घ्यावे: मजुरी त्याच दिवशी द्यावी, कापणीच्या वेळी शेताचा एक कोपरा कोणासाठी तरी राहू द्यावा, आणि ज्याचे तोंड पाहावेसे वाटत नाही अशा एका माणसाच्या दारी एकदा स्वतः होऊन जावे.